राखीव जागेवर कोण बसणार?

वकीलबाईंना विचारा

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातली. महिला राखीव गणातून एकदा पंचायत समितीवर निवडून आले होते. आता परत निवडणुकांचे वारे सुटलेत. परवा बचत गटाच्या बैठकीत विषय निघाला की मागे भादलीला बायांच्या जागेवर एक तृतीयपंथी निवडून आली, उद्या आपल्याकडेही तेच होणार. मी म्हटलं, हे काही बरोबर नाही, ती जागा बायांची आहे. पुण्यात शिकणाऱ्या लेकीला फोनवर हे सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. आई, तू मागासलेली आहेस, ट्रान्स स्त्री ही स्त्रीच असते, म्हणाली. मी तिला इंग्लंडच्या कोर्टाच्या निकालाची बातमी पाठवली. तेव्हापासून फोनच उचलत नाही. ताई, मी हयातभर बायांसाठी भांडले. माझ्या मनात कुणाचा द्वेष नाही. पण नुसती शंका काढली तर मी लगेच वाईट? आणि कायदा नक्की काय म्हणतो?

उत्तर : शंका काढली म्हणून कुणी वाईट ठरत नाही, ताई. लेकीवरही रागावू नका, महिन्याचे पैसे संपले की फोन आपसूक येतो. पण पत्रावरून असं दिसतं की ज्या दोन निकालांवरून तुम्ही मायलेकी भांडताय ते दोघींनीही मथळ्यापुरतेच वाचलेत. म्हणून आधी ते सांगते.

भादली बुद्रुक म्हणजे आपल्या जळगावशेजारचं, भुसावळकडे निघालं की स्टेशन लागतं ते. जानेवारी 2021 च्या ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली पाटील, म्हणजे अंजली गुरू संजना जान, यांनी तिथे महिला राखीव प्रभागातून अर्ज भरला. छाननीत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी तो बाद केला. कारण काय, तर उमेदवार तृतीयपंथी आहे आणि तृतीयपंथींसाठी जागा राखीव नाही. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. न्या. रवींद्र घुगे यांनी 2 जानेवारीला अधिकाऱ्याचा आदेश रद्द केला आणि अर्ज स्वीकारायला लावला. मतदान 15 तारखेला झालं आणि त्या निवडून आल्या.

गावगप्पांत या निकालातली एक गोष्ट गळून जाते. न्यायालयाने सरसकट दार उघडलं नव्हतं. आपण यापुढे कायम स्त्री म्हणूनच राहू, सोयीप्रमाणे पुन्हा पुरुष होणार नाही, हे अंजलीताईंचं म्हणणं नोंदवून घेतलं होतं. अपवाद एकच ठेवला : उद्या तृतीयपंथींसाठी वेगळं आरक्षण आलं तर गोष्ट निराळी. त्यामुळे 'उद्या कुणीही गडी साडी नेसून येईल आणि अर्ज भरेल' ही जी भीती बैठकीत कुणी घातली असेल (घातली असणारच, ती प्रत्येक बैठकीत असते), तिचा विचार त्या आदेशात झालेला आहे.

या निकालाचा पाया 2014 चा. त्या वर्षी 15 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने, न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी, सांगितलं की आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ज्याचं त्याने ठरवायचं आणि सरकारने ते मानायचं. पुढे तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा 2019 चा कायदा त्यातूनच आला.

आता तुमची इंग्लंडची बातमी. तो खटलाही मुळात राखीव जागांचाच, हे वाचून मला गंमत वाटली होती. स्कॉटलंडने 2018 मध्ये कायदा केला की सरकारी मंडळांवर निम्म्या बाया असाव्यात. लिंगबदलाचा सरकारी दाखला असलेली ट्रान्स स्त्री त्या निम्म्यात मोजायची की नाही, यावरून तिथली एक महिला संघटना कोर्टात गेली. 2025 च्या 16 एप्रिलला लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठातल्या पाचही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की 2010 च्या समानता कायद्यात स्त्री म्हणजे जन्माने स्त्री. त्याच निकालात असंही म्हटलंय की ट्रान्स माणसांना भेदभावापासून जे संरक्षण आहे ते कायम आहे. हा भाग तुमच्या बातमीत शेवटच्या ओळीत असेल, किंवा नसेलच. तो निकाल त्यांच्या एका कायद्यातल्या कलमांची सांगड कशी घालायची याचा आहे. भादलीच्या प्रभागाला तो लागू होत नाही.

हा झाला कायदा. माझं मत विचाराल तर भादलीचा निकाल मला पटतो. आणि का पटतो ते सांगायला मी तुम्हाला दुसरीकडे नेते.

छाननीच्या दिवशी तहसील कचेरीत जाऊन बसा. महिला राखीव प्रभागाचा पुकारा होतो. प्लास्टिकची फाइल घेऊन एक गडी पुढे येतो. फाइलमध्ये सगळं शिस्तीत लावलेलं : जात पडताळणीची पोच, अनामतीची पावती, शौचालय वापराचा दाखला. साहेब विचारतात, उमेदवार कोण? हा हात वर करतो. साहेब मान वर करून बघतात, तेव्हा कुठे मागे पदर सावरत उभी असलेली बाई सहीसाठी पुढे ढकलली जाते. निकालानंतर चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर तिचा फोटो पासपोर्टएवढा आणि ह्याचा कमरेपर्यंत. ग्रामसभेत खुर्चीवर तोच. चेकवर सही तेवढी तिची, तीही घरीच घेतलेली. तुम्ही पंचायत समितीवर होतात, तुम्हाला मी काय सांगू? तुमच्या वेळच्या किती जणी सभेत स्वतः बोलल्या ते आठवा. हा प्रकार एवढा बोकाळला की प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाला त्यावर समिती नेमावी लागली.

आपल्या जिल्ह्यातल्या विटनेरच्या बायांनी 1989 साली सबंध ग्रामपंचायत बायांची निवडून आणली होती. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं पॅनेल. तेव्हा 73 वी घटनादुरुस्ती नव्हती, एक तृतीयांश नव्हतं, 2011 चं पन्नास टक्के तर लांबच. त्या बायांनी जी खुर्ची मिळवली ती गेल्या तीस वर्षांत कुणी बळकावली? नवऱ्यांनी, दिरांनी, सासऱ्यांनी. तृतीयपंथी उमेदवार सबंध राज्यात बोटांवर मोजण्याइतक्या. मग बचत गटाच्या बैठकीत सरपंचपतीवर ठराव होत नाही आणि भादलीवर तासभर चर्चा होते, याचं मला नवल वाटतं.

तुमच्या म्हणण्यात एक मुद्दा मात्र खरा आहे. तो मी टाळत नाही. बाईची जागा बाईला देण्यामागे हेतू आहे. बाळंतपण, पाण्याचे हंडे, सातबाऱ्यावर नाव लागणं, नवऱ्याचा मार, हे जिने भोगलंय ती ते सभेत मांडेल. ट्रान्स स्त्रीचं भोगणं वेगळं असतं. घरातून हाकलणं, शाळा सुटणं, पोटासाठी टाळी वाजवत फिरणं. एकाच जागेत दोन्ही कोंबले तर दोघींचंही अर्धवट होतं. यावर उपाय 2014 च्या त्या निकालातच होता. तृतीयपंथींना मागास मानून शिक्षणात आणि नोकरीत आरक्षण द्या, असं न्यायालयाने सरकारांना सांगितलं होतं. कर्नाटकाने 2021 मध्ये सरकारी नोकऱ्यांत एक टक्का दिलं. आपल्याकडे त्यासाठी मोर्चे निघतात आणि निवेदनं दिली जातात. ती मागणी पंचायतीपर्यंत नेली आणि बायांच्या संघटनांनी उचलून धरली तर भादलीसारखा वाद उरणारच नाही. बचत गटाला ठराव करायचाच असेल तर हा करा.

लेकीला माझा निरोप द्या. घोषणा मोर्चात ठीक असते, पण बाईच्या प्रत्येक प्रश्नाला ती लावता येत नाही. स्कॉटलंडमध्येच 2023 च्या सुरुवातीला एका बलात्कारी कैद्याने आपण स्त्री आहोत असं सांगितलं आणि त्याला आधी बायांच्या तुरुंगात नेलं गेलं. ओरड झाल्यावर हलवावं लागलं. त्यावर तिथल्या बाया चिडल्या, त्यांना मागासलेल्या म्हणून कसं चालेल? तुरुंगातल्या बाईला दार उघडून बाहेर पडता येत नसतं. आपल्याकडेही 2013 चं उदाहरण आहे. दिल्लीच्या घटनेनंतर आलेल्या वटहुकमात बलात्कार करणारा आणि सोसणारा, दोन्हीकडे 'व्यक्ती' असा शब्द घातला होता. महिला संघटना हटून बसल्या की सोसणारं कुणीही असू शकतं हे मान्य, पण करणारा पुरुष असंच लिहा, नाहीतर उद्या तक्रार करणाऱ्या बाईवरच उलटी तक्रार ठोकली जाईल. बरोबरच होतं ते. कायद्यात बाईला बाई म्हणून वेगळं मोजायची गरज असते तिथे ती असते.

म्हणून मी जागा बघते. मी ज्या आधारगृहात कायद्याच्या सल्ल्यासाठी जाते तिथे एका रात्री मार खाल्लेली ट्रान्स मुलगी आणली होती. ओठ फाटलेला, एक कानातलं ओढून काढलेलं. आत नवऱ्यांच्या माराला भिऊन आलेल्या बाया, एकच मोठी खोली, न्हाणीघराची कडी मोडकी. दोघी-तिघी बिथरल्या. अधीक्षिकाबाईंनी कुणाला व्याख्यान दिलं नाही. मुलीला स्वतःच्या खोलीत झोपवलं आणि सकाळी सुतार बोलावून कडी बसवून घेतली. ती कडी बसवा म्हणून आतल्या बाया कित्येक महिने सांगत होत्या.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात क्रीडाशिक्षक आहे. मुलगा म्हणून वाढलेला खेळाडू मुलींच्या शर्यतीत उतरला तर आमच्या मुलींनी फक्त हरायला यायचं का? तुम्ही स्त्रीवादी मंडळी यावर गप्प का असता?

उत्तर : मी तरी गप्प नाही, सर. पुरुषाच्या वयात आलेल्या शरीराला उंची, हाडं, स्नायू यांचा जो फायदा मिळतो तो धावण्यात आणि फेकीत दिसतो. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने मार्च 2023 मध्ये अशा ट्रान्स खेळाडूंना महिला गटातून वगळलं, ते मला योग्य वाटतं. पदक आणि नोकरी ज्यावर अवलंबून आहे तिथे मुलींचा गट राखलाच पाहिजे.

पण तुमची काळजी आणि माझी काळजी इथून पुढे वेगळ्या वाटेने जातात. बाई कोण हे तपासायची यंत्रणा एकदा उभी राहिली की ती पहिल्यांदा कुणाला धरते? तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यातली शांती सौंदरराजन वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांची पोर. 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत तिने 800 मीटरमध्ये रौप्य मिळवलं. मग लिंगचाचणी झाली, पदक काढून घेतलं आणि बातमी जगभर झाली. ती मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणून वाढली, कुणाला फसवायला आली नव्हती. ओडिशाच्या द्युती चंदला 2014 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेआधी संघातून काढलं, कारण तिच्या शरीरात नैसर्गिकपणेच टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक जास्त होतं. ती लवादात लढली आणि 2015 मध्ये तो नियम स्थगित झाला. शांतीकडे तेव्हा लढायला ना वकील होता ना पैसा. या दोघींतली एकही ट्रान्स नव्हती, हे लक्षात घ्या.

आता 1 सप्टेंबर 2025 पासून जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत महिला गटात उतरायचं तर आयुष्यात एकदा जनुकाची चाचणी द्यावी लागते. गालाच्या आतून बोळा फिरवायचा किंवा रक्त द्यायचं, एवढंच. चाचणी सोपी आहे. निकाल अनपेक्षित आला तर एकोणीस वर्षांच्या खेड्यातल्या पोरीला ते कोण सांगणार, कुठल्या खोलीत सांगणार आणि पेपरात आधी छापून येणार नाही याची हमी कोण घेणार, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुमच्या तालुका पातळीवर म्हणाल तर, सर, खोट्या जन्मदाखल्यावर 17 वर्षांखालच्या संघात घुसवलेले दाढीमिशीवाले मी पाहिलेत. आणि मुलींना कपडे बदलायला खोली नाही म्हणून शाळेच्या बसमध्ये ओढण्या बांधून आडोसा केलेलाही पाहिलाय.

प्रश्न : आमच्या कार्यालयात एका सहकाऱ्याने लिंगबदल केला. आता ती लेडीज टॉयलेट वापरते. काही जणींना अवघड वाटतं. काय करावं? — नाशिक

उत्तर : जमिनीपासून छतापर्यंत दार, आतून नीट कडी, असे संडास असतील तर काहीही करू नका. आठवड्याभरात सवय होते. दार अर्धं आणि कडी लटकती असेल तर आधी दुरुस्तीसाठी अर्ज द्या, सहकारी कुणीही असो. अर्जावर तिचीही सही घ्या. कुणी वेडंवाकडं वागलं तर त्याची तक्रार होते, मग ती व्यक्ती कुणीही असो. पण शरीरावरून तक्रार होत नाही.

आणि 'जन्म बघून पाठवा' म्हणणाऱ्यांना विचारा, बीड पोलीस दलातली ललिता साळवे शस्त्रक्रियेनंतर ललित झाली, नोकरी टिकवली. त्या ललितला आता कुठल्या दाराने पाठवायचं? मिशी असलेला हवालदार लेडीजमध्ये आला तर तुमच्या मैत्रिणी पळतील. मुंबईत 2011 मध्ये 'राइट टू पी'च्या बाया रस्त्यावर उतरल्या त्या यासाठी की पुरुषांना मुतारी फुकट होती आणि बायांकडून पैसे घेत होते, तेही बाईसाठी जागा असलीच तर. ते भांडण अजून संपलेलं नाही. तुमच्या कार्यालयात दर किती बायांमागे एक संडास आहे?

प्रश्न : मॅडम, मी ट्रान्स स्त्री आहे, धुळे जिल्ह्यात राहते. आठ मार्चला मला बोलावतात, गुलाब देतात, फोटोत मध्ये उभं करतात. पण मागच्या महिन्यात माझ्या मैत्रिणीवर जबरदस्ती झाली तेव्हा ठाण्यात सांगितलं की तुमच्यासाठी बलात्काराचं कलम नाही. हे खरं आहे का?

उत्तर : अर्धं खरं आहे, आणि ते लिहिताना मला लाज वाटते. भारतीय न्याय संहितेत बलात्काराची व्याख्या स्त्रीवर झालेल्या अत्याचाराची आहे, शिक्षा किमान 10 वर्षं. तृतीयपंथी व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला 2019 च्या कायद्याच्या कलम 18 मध्ये शिक्षा आहे सहा महिने ते दोन वर्षं. कृत्य तेच. पूर्वी जबरदस्तीच्या प्रकरणात जुन्या दंड संहितेचं अनैसर्गिक संभोगाचं 377 कलम तरी लावता येत होतं. 1 जुलै 2024 ला नवी संहिता लागू झाली आणि ते कलमच गेलं, त्या जागी काही आलं नाही. वर चोपड्याच्या ताईंना मी 2013 ची गोष्ट सांगितली. सोसणारं कुणीही असू शकतं, हे तेव्हा महिला संघटनांनीच मांडलं होतं. सरकारने त्यांचं अर्धंच ऐकलं.

तरी हात बांधलेले नाहीत. तुमच्या मैत्रिणीची शस्त्रक्रिया झालेली असेल आणि 2019 च्याच कायद्याच्या कलम 7 खाली 'स्त्री' असा दाखला तिच्याकडे असेल, तर ती कायद्याने स्त्री आहे असं न्यायालयात ठामपणे मांडता येतं. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये अशाच ट्रान्स स्त्रीला कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण दिलं. आंध्रच्या उच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये सांगितलं की सासरच्या छळाच्या 498-अ खाली ट्रान्स स्त्रीलाही तक्रार करता येते. दाखला नसला तर कलम 18 आहेच. त्याच्या जोडीला मारहाण, डांबून ठेवणं, धमकी ही कलमंही लावून घ्या. नुसतं 18 लावून बोळवण होऊ देऊ नका.

दाखला काढलेला नसेल तर काढून ठेवा. कलम 5 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो, ऑनलाइन करता येतो. सोबत शपथपत्र लागतं. 2020 च्या नियमांत वैद्यकीय तपासणीची अट नव्हती. त्याच नियमांत दाखल्याला 30 दिवसांची मुदत होती. आता कुठला नियम लागू आहे ते आधी बघून घ्या. छापील प्रत सोबत न्या, मोबाइलवरचं ते वाचत नाहीत.

ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर तीच तक्रार रजिस्टर्ड टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोच जपून ठेवा. तिथेही काही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं. वैद्यकीय तपासणी राहिली असेल तर आधी ती, आजच. आणि आठ मार्चला गुलाब देणाऱ्या ज्या बाया आहेत, त्यांतल्या दोघींना फोन करून ठाण्यात सोबत या म्हणा. आल्या नाहीत तर मला नावं कळवा, मी बोलते त्यांच्याशी.